नवा तुरा

खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या फेदर डस्टर किड्यानं पिसांचा तुरा गाळला आणि तो नळीत दडून बसला. मी टॉर्च मारमारून बघत होते.

"मेला नाही गं तो," उन्मेष म्हणाला. "टेंशनमध्ये तुरा टाकतो, नवा येतो. आपली श्रिया अजून चालत नाही म्हणून दिवसभर तिच्या मागे असतेस, आता ह्याच्या. जरा बघणं बंद कर ना."

मी काचेला काजळाची तीट लावली आणि बघत राहिले.

रविवारी श्रियाला आतल्या खोलीत खेळायला बसवून टाकीशी आले, तर इवलासा नवा तुरा बाहेर. मी टाळ्याच वाजवल्या, तसा तो झटकन आत गेला.

टाळ्या मात्र थांबल्या नाहीत. माझ्या गुडघ्याशी श्रिया उभी होती आणि तिचे दोन्ही हात टाळ्यांत होते.