दोनशे चौदा नंबरच्या बाई

दोनशे चौदा नंबरच्या तक्रारदार बाई आज अकरा वाजता नगरपंचायतीत येणार होत्या, आणि कारकुनाला पक्कं ठाऊक होतं की अशी बाई या जगात नाही. त्यानंच तिला रचली होती.

त्याचाही इलाज नव्हता. रस्त्यांच्या चाळीस तक्रारी दर महिन्याला निकाली निघाल्याच पाहिजेत, असा वरून हुकूम होता. खड्डे बुजवायला खडी नव्हती, डांबर नव्हतं, माणसं नव्हती. रजिस्टर तेवढं जाडजूड होतं. खऱ्या तक्रारी त्याच्या टेबलापर्यंत कधी पोचतच नसत, त्या बहुधा साहेबांच्या केबिनमध्येच मुरत असाव्यात. मग तो आपल्या मनानं लिहायचा. रस्ता कुठला, खड्डा केवढा, तक्रार कुणाची. आणि खाली एक ओळ, ‘खड्डा बुजवला आहे, कळावे’, आणि लफ्फेदार सही.

खरं सांगायचं तर त्याला त्यात गोडी लागली होती. दोनशे चौदा नंबरच्या बाई तर त्यानं अगदी जीव लावून रचल्या होत्या. निवृत्त शिक्षिका, चष्म्याच्या काडीला काळा दोरा, हातात काठी, आणि काठीच्या टोकाचं रबर निघालेलं. घर नाल्याच्या वळणावरचं शेवटचं. दारातल्या खड्ड्यात मोठी बहीण पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं, हेही त्यानंच लिहिलं होतं. लिहिताना त्याला वाईटसुद्धा वाटलं होतं.

आता तेच अंगाशी आलं होतं. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यानं आठवड्यापूर्वी रजिस्टर मागवून घेतलं, डोळे मिटून एका नोंदीवर बोट ठेवलं आणि या बाईंना समक्ष बोलवा म्हणून सांगितलं. बोट नेमकं दोनशे चौदावर पडलं.

सकाळी शिपायानं झाडू मारला. ‘पाय वर घ्या’ असं एका शब्दानं न म्हणता त्यानं कारकुनाच्या खुर्चीखालून कुंचा फिरवला. मग चहा आला. सगळ्या टेबलांवर कप ठेवत तो कारकुनापर्यंत आला आणि तिथूनच मागे वळला. हे रोजचंच होतं. मागे कधीतरी आपण याला टाकून बोललो असू, अशी कारकुनानं स्वतःची समजूत घालून घेतली होती.

आज त्याला चहाचं सोयरसुतकही नव्हतं. डोळ्यांपुढे बायको होती. तिचं दर महिन्याला नवं दुखणं निघे. कधी दमा, कधी कंबर, कधी डोळे. तिच्या नुसत्या आठवणीनं त्याला गलबलून यायचं. ही नोकरी गेली तर तिचं कोण करणार होतं?

साडेदहाला अधिकारी आले. मुख्याधिकारी साहेबांनी त्यांना हॉलमध्ये खुर्ची दिली. तक्रारी कोण बघतं, असं अधिकाऱ्यांनी विचारलं.

“कारकून आहे एक,” साहेब म्हणाले. “आज रजेवर आहे. बायको आजारी असते त्याची.”

कारकून तिथून दोन हातांच्या अंतरावरच बसला होता. त्याचे डोळे भरून आले. इतकी वर्षं या माणसाला आपण मनातल्या मनात शिव्या घातल्या, आणि आज त्यानंच आपल्याला पाठीशी घातलं. त्यानं मान खाली घातली आणि श्वासही जपून घेऊ लागला.

अकराला पाच कमी असताना व्हरांड्यात आवाज आला. टक. टक. फरशीवर उघडं लाकूड आपटत होतं.

बाई दारात उभ्या राहिल्या. चष्म्याला काळा दोरा होता. कारकुनानं काठीचं टोक पाहिलं. त्याला रबर नव्हतं. बाई आल्या म्हणजे आपण सुटलो, हे त्याला कळत होतं. पण रजिस्टरात लिहिलेलं माणूस जिना चढून वर येतं कसं?

अधिकाऱ्यांनी अदबीनं विचारपूस केली. बाईंनी पिशवीतून पत्रांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला.

“बारा वेळा लिहिलं,” त्या म्हणाल्या. “बाराही वेळा उत्तर आलं, खड्डा बुजवला आहे. माझी ताई त्या खड्ड्यात पडली. आठ महिने अंथरुणावर होती. गेल्या मंगळवारी गेली. मला आता भांडायचं नाही. ही सही ज्याची आहे, त्याला फक्त एकदा बघायचंय.”

बहीण गेल्याचं कारकुनानं कुठंही लिहिलं नव्हतं. तो ताडकन उठला.

“बाई, मीच तो,” तो म्हणाला. “चूक माझी आहे.”

कुणीही वळून पाहिलं नाही. त्याला वाटलं, घशातून आवाजच फुटला नसेल. तो पुन्हा मटकन खुर्चीत बसला.

साहेबांनी गठ्ठ्यातलं वरचं पत्र उचललं आणि परत ठेवलं. मग त्यांनी रुमालानं तोंड पुसलं.

“आता खोटं नाही बोलत, बाई,” ते म्हणाले. “ती जागा नऊ वर्षं रिकामी आहे. पत्राला उत्तर द्यायचं म्हणजे खाली कुणाची तरी सही लागते. म्हणून आम्ही एक कारकून उभा केला. रजिस्टर मीच लिहितो, सहीही मीच करतो. उत्तराला उशीर झाला की त्याची बायको आजारी पाडतो. त्याला ना बायको, ना घर. असा माणूसच नाही.”

बाई काठीवर वाकल्या. “टेका जरा, बाई,” शिपाई म्हणाला. कोपऱ्यात कारकून बसला होता ती खुर्ची त्यानं एका हातानं अलगद उचलून आणली, तिच्यावरची बोटभर धूळ फडक्यानं झटकली, आणि बाई बसल्या.