तेराव्याची अनुक्रमणिका

तेराव्याला मृताच्या मेंदूतून उतरवलेल्या आठवणी सगळ्यांसमोर ठेवायचा रिवाज होता. पण पाहुणे नुसती अनुक्रमणिका चाळत आणि पंगतीला बसत. म्हणून कुंदाचा दीर मोहनीराज सकाळपासून भावाची अनुक्रमणिका साफसूफ करत होता. ‘बायकोला मारहाण’ हे शीर्षक त्याने साधा मजकूर करून टाकलं आणि यंत्राला शीर्षकांवरून यादी पुन्हा तयार करायला सांगितली. नव्या यादीत ते नव्हतं.

“पुसलं नाही हं वहिनी, आत आहेच,” तो लाडू चघळत म्हणाला.

कुंदाला त्याची शिसारी आली.

“असू दे, भाऊजी. माझ्या तेराव्याला ते पहिलंच प्रकरण असेल. आणि तुम्ही बाहेरून दाराला कडी घालायचात, ते दुसरं.”