अर्ध्यावरचा बावटा

आषाढ, साल बासष्ट.

उजव्या हातात बांगडी नाही.

निळी बोट, पुढच्या टोकाला, नाळेवर, पांढरा तारा.

मेलेल्याला कापडात शिवतात.

होड्या वाळूवर, माडाच्या झापांनी झाकलेल्या.

केसर किनाऱ्यावर उभी होती. तिचा नवरा शिवदास डेन्मार्कच्या एका कंपनीच्या बोटीवर खलाशी. मुंबई बंदरात जागा मिळेपर्यंत ती निळी बोट मांडव्यासमोर नांगर टाकून होती, आणि तिचा लाल बावटा सकाळपासून काठीच्या निम्म्यावर होता. होडीवर माणूस दगावला की इथले कोळी बावटा असाच बांधून परत येतात. कोणी कोणाला समजावून सांगितलं नाही.

"एवढी मोठी बोट," दीर हरेश्वर म्हणाला. "माणसं काय थोडी हायेत? दुसरा कोण तरी असंल."

"दुसऱ्याचा बावटा आपल्या दारात कशाला दाखवतील?"

हरेश्वर फुटणाऱ्या लाटांकडे बघत राहिला.

"आज न्हाय आणला तर दर्यात टाकतील त्याला," केसर म्हणाली. "कापडात शिवून. तिकडची रीतच हाय. त्यानंच सांगितलेलं."

"नारळी पुनवेच्या आधी होडी घातली तर दर्या मलाच नारळ समजंल, वयनी."

केसर हसली नाही. लग्नात तिच्या उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला दिल्या होत्या, नवऱ्याला सांभाळ म्हणून. सगळ्याच कोळणींच्या देतात. तिने बांगड्यांनी भरलेला डावा हात पुढे केला.

"मग ह्या उतरवू का ठेवू, तेवढं सांग. न्हाय सांगता येत ना? जा, बघून ये."

हरेश्वरची बायको नीराबाई मधे आली. तिने त्याचं बकोट धरलं.

"जाऊबाय, तुझा गेला म्हणून माझा धाडतीस?"

 केसरने हात खाली घेतला नाही.

हरेश्वरने बकोट सोडवून घेतलं. छोट्या होडीवरची झापं ओढून काढली. "सख्खा भाऊ हाय," एवढंच म्हणाला, नीराबाईकडे न बघता.

पहिली लाट त्याने पार केली. दुसरीही. तिसरीच्या मागे होडी दिसली ती पालथी.

किनाऱ्यावरची माणसं दोर घेऊन छातीएवढ्या पाण्यात शिरली. रिकामी परत आली. पुन्हा शिरली. पुन्हा तशीच.

ऊन कलेपर्यंत दोघी वाळूवर होत्या, लांब लांब. मग नीराबाई उठली आणि केसरच्या शेजारी येऊन बसली. शिवी दिली नाही. आपला डावा हात तिच्या मांडीवर ठेवला.

"उतरव," ती म्हणाली.

बावटा सकाळी शिवदासनेच निम्म्यावर आणला होता, कप्तानाच्या हुकमावरून; कंपनीचा म्हातारा मालक तिकडे डेन्मार्कमध्ये आपल्या बिछान्यात वारला होता.