परवा मिळतील

टेनिसच्या स्पर्धेत हरलं की त्याच संध्याकाळी हॉटेल सोडायचं, म्हणून गेली अकरा वर्षं ती मॅचच्या दिवशी आधी बॅग भरायची आणि मगच कोर्टवर जायची. आज समोर जगातली पहिल्या नंबरची खेळाडू होती. तिने भरलेली बॅग पलंगावर उलटी केली आणि मोज्यांसकट सगळा ढीग उचलून खाली काउंटरवर लॉन्ड्रीसाठी नेऊन ठेवला.

"परवा मिळतील," काउंटरवरची बाई म्हणाली. "पण मॅडम, तुमची खोली आजच रिकामी होणार ना?"

"कोण म्हणालं?"

"तुमचे कोचच सकाळी सांगून गेले."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अख्खी मॅच ती त्याच रागात खेळली. समोरचीला तिने डोकं वर काढू दिलं नाही, दोन सेटमध्येच निकाल लावला.

परतली तेव्हा कोच लॉबीत पेपर वाचत बसले होते.

"खोली सोडतेय असं कुणाला विचारून सांगितलंत, सर?"

"तू चिडल्याशिवाय तुझ्या सर्व्हिसला जोर येत नाही," ते मान वर न करता म्हणाले.

मग तिचं लक्ष त्यांच्या अंगावरच्या चुरगळलेल्या, कालच्याच टी-शर्टकडे गेलं.

"आणि हा काय अवतार? दुसरा शर्ट नाही का?"

"बाकीचे सकाळी सहालाच लॉन्ड्रीत दिले," कोचनी पान उलटलं. "परवा मिळतील."