मागे बसलेले हजारो

आंबोली घाटात चेन तुटली तेव्हा इब्राहिमच्या जुन्या मोटरसायकलवर हजारो लोक बसले होते. सगळे आपापल्या घरी, डोळ्यांवर चष्मे चढवून. त्याच्या हेल्मेटमधून वारा, वळणं, हादरे त्या ऐद्यांना सोफ्यावर लोळत मिळायचे. रस्त्यावर आता तो एकटाच उरला होता.

"इब्र्या, आटप लवकर!" कानात श्रीरंग ओरडला. पूर्वी तो खरोखरचा मागे बसायचा.

चेनची दोन टोकं एका हाताने दाबून धरत इब्राहिमने जुन्या सवयीने, न बघता, दुसरा हात मागे केला. "पक्कड दे."

"घे, दिली!" श्रीरंग हसला. "गाडी सुरू झाली की हाक मार."

हेल्मेटमधला प्रवाशांचा आकडा शून्यावर आला. पक्कड हातभर लांब पडली होती. इब्राहिमने मागे केलेला हात तसाच ठेवला.