सातवी पाकळी

इंजिनाच्या कूलरला मागच्या तोंडाने जोरात पाणी मारलं, तेव्हा पुढच्या तोंडातून आधी वाळू आली, मग शिंपल्यांचा चुरा, मग थोडं शेवाळ आणि मग एकेक करत रबराच्या पाकळ्या. नवरा बादलीवर गाळणी धरून बसला होता. गाळणी घरातली, चहाची होती. बायकोला ते अजून कळलं नव्हतं.

पाकळ्या पंपातल्या फिरकीच्या. ही रबरी फिरकी बाहेरचं पाणी ओढून इंजिन थंड ठेवते. तिला सहा पाकळ्या. काल त्या सगळ्या तुटल्या, इंजिनाने वाफ सोडली आणि तीस प्रवासी घेतलेली फेरीबोट भर पाण्यात थांबली. नवी फिरकी बसवण्याआधी तुटलेल्या पाकळ्या मोजून बाहेर काढाव्या लागतात. एखादी जरी आत राहिली, तरी पाण्याची वाट अडते आणि इंजिन पुन्हा तापायला लागतं.

चार. पाच. सहा. नवऱ्याने त्या फडक्यावर ओळीने मांडल्या आणि पाणी बंद करणार तेवढ्यात सातवी आली.

ती जुनी होती, कडक झालेली, कडा झिजलेल्या. गेल्या वर्षी फिरकी त्यानेच बदलली होती. पाकळ्या मोजल्यात का, असं बायकोने तेव्हा विचारलं होतं आणि तो म्हणाला होता, "त्यात मोजायचं काय?" तेव्हापासून इंजिन तापत होतं आणि खापर सुकाणूवर बसणाऱ्या बायकोच्या माथी फुटत होतं. ती फार दामटते म्हणे. वर्षभर ती बिचारी इतकी हळू बोट हाकत होती की प्रवासी बोटीला गोगलगाय म्हणायला लागले. शेवटी उद्यापासून सुकाणू जावयाकडे द्यायचं ठरलं.

शिडीवर पावलं वाजली. लपवायला खिसा शोधण्याइतका वेळ नव्हता. नवऱ्याने सातवी पाकळी सरळ तोंडात टाकली.

"किती निघाल्या?" बायकोने विचारलं.

त्याने मानेनेच फडक्याकडे खूण केली.

"सहा. म्हणजे आल्या सगळ्या." ती पायरीवर टेकली. "एरवी तुमचं तोंड बंद होत नाही. आज बोला की, मीच दामटते म्हणून."

त्याने पाकळी जिभेने गालात सरकवली.

"बावीस वर्षं सुकाणू धरलं. मला वाटायचं, आपला हात हलका आहे. पण नसेलही. जावईबापू सांभाळतील उद्यापासून. मी तिकिटं फाडीन."

ती भांडली असती तर त्याने निभावून नेलं असतं. पण ती फडक्यावरच्या पाकळ्या नीट लावत, साध्या आवाजात बोलली आणि त्याला स्वतःची लाज वाटली. शिवाय रबराला डिझेलची चव होती. त्याने पाकळी तोंडातून काढली, शर्टाला पुसली आणि सहांच्या शेजारी ठेवली.

बायकोने मोजलं. पुन्हा मोजलं.

"फिरकीला पाकळ्या किती?"

"सहा."

"मग ही कोणाची?"

"माझी," तो म्हणाला. "गेल्या वर्षीची."

"म्हणजे वर्षभर तुम्ही माझीच फिरकी घेत होतात."

"नाही गं. मला खरंच वाटायचं, तू दामटतेस."

तिने फोन काढला आणि जावयाला लावला.

"जावईबापू, उद्या याच तुम्ही. वेळ ठरली तीच. फक्त ते इस्त्रीचे कपडे नकोत. तेलाचे डाग पडले तरी चालतील, असे काहीतरी जुने घालून या."