मांडलेले खेळ

निवृत्त इतिहास शिक्षिका शुभदाबाई रोज दुपारी सुनेला इंग्लंडच्या राजाराण्यांची जाडजूड इंग्रजी कादंबरी मराठीत करून सांगायच्या. जेऊरच्या पायलला ती गोष्ट लई आवडायची. दवाखान्यातून घरी आल्यावर आज ती पहिल्यांदाच ऐकत होती, तान्ह्या लेकीला कुशीत घेऊन.

“मुलगाच होणार म्हणून राजानं घोडेस्वारांचे मोठे खेळ मांडले होते,” बाई सांगत होत्या. “मुलगी झाली म्हटल्यावर मेल्यानं सगळे रद्द केले! पुस्तकात याची नुसती एक ओळ आहे बघ. पण बाळंत झालेल्या त्या राणीच्या कानावर हे गेलं असेल, तेव्हा काय वाटलं असेल गं तिला?” संतापानं त्यांचा चष्मा नाकावर घसरला होता.

पायलनं बाळाचं टोपरं सारखं केलं. “गेलंच असंल की कानावर, आई. दवाखान्यात तुमी मिठाईवाल्याला फोन केला, पेढ्यांची ऑर्डर राहू द्या म्हणलात, तवा माझ्या खोलीचं दार उघडंच होतं.”

बाईंचं बोट त्या ओळीवर तसंच राहिलं.

“सांगा की पुढं,” पायल म्हणाली. तिला खरंच ऐकायचं होतं. “त्या पोरीचं काय झालं?”

त्या पोरीनं पुढं साऱ्या इंग्लंडवर राज्य केलं, हे बाईंनी आयुष्यभर वर्गात मुलांकडून घोकून घेतलं होतं. आज ते सुनेला सांगायला त्यांना तोंड उघडवेना.